पत्ता अमान्य

आदिवासी वस्तीने स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या त्या शाळेचा मी सरकारी तपासनीस. मी किरकिऱ्या आहे, असं बायको म्हणते. कागदपत्रांच्या बाबतीत ते खरंच आहे. तिथे सकाळी पुस्तकं आणि दुपारी डोंगर. डोंगर शिकवायला वस्तीतल्या आज्या आणि आजोबा, तेही स्वतःच्या बोलीत. नव्या मुलाने पहिल्या दिवशी डोंगरावरची एक जागा निवडायची आणि शाळा संपेपर्यंत ती राखायची. इथवर माझी काही हरकत नव्हती. पण शाळेच्या मुख्याध्यापिका बाई प्रवेशाच्या रजिस्टरात पत्ता म्हणून घराऐवजी तीच जागा लिहीत. ‘वाकड्या कातळाखालचा झरा.’ हा काय पत्ता झाला?

आठ वर्षं मी लाल शाईने शेरे मारले, वर सही-शिक्का. एकदा तर बाईंना खोटं पाडायला धापा टाकत वर चढलो. बाई दरवर्षी चहा पाजत, मान डोलावत आणि पुढच्या वर्षी पुन्हा झराच लिहीत.

मग डोंगर खाणीला द्यायचं ठरलं. ‘पडीक, वापर नाही’ असा अहवाल होता. सुनावणीला सगळी वस्ती झाडून आली. शाळेचा तपासनीस म्हणून मलाही बोलावणं आलं.

“वापर आहे म्हणता, पण कागद कुठंय?” अधिकारी म्हणाले. “सही-शिक्क्याचा लागतो.”

बाईंनी आठ रजिस्टरं टेबलावर ठेवली. अधिकारी पानं उलटत गेले, एका पानावर थांबले आणि मोठ्याने वाचू लागले.

“प्रत्यक्ष पाहणी केली. मुलगी झऱ्यातला गाळ काढताना आढळली. पत्ता तरीही अमान्य.” त्यांनी मान वर केली. “सही कुणाची?”

“माझी,” मी म्हणालो. माझे कान तापले होते.

“स्वतः पाहिलंत?”

“हो साहेब. पोरीने मला पाणीपण दिलं. गार होतं.”

अहवालातलं ‘वापर नाही’ खोडलं गेलं आणि डोंगर वस्तीकडेच राहिला. बाहेर आल्यावर मी बाईंना गाठलं.

“इतक्यांदा सांगूनही पत्ता का नाही बदललात?”

“बदलला असता, तर तुम्ही डोंगर चढला असतात का, साहेब?”

मला स्वतःची लाज वाटली आणि त्या बाईंचा फार अभिमान वाटला. यंदा तपासणीला मी लाल पेन घेऊनच गेलो. सदतीस मुलं, सदतीस पत्ते. गुडघे बोंबलत होते, पण मी एकही पाहणी सोडली नाही.