ज्याचं नाव गाळलं

गेत्सलनं कोट काढला, अस्तर बाहेर करून पुन्हा अंगात चढवला आणि धर्मगुरूंची जुनी केसाळ टोपी डोक्यावर उलटी ठेवली. पुरीम या ज्यूंच्या धमाल सणाच्या जेवणाला वर्षातून एकदा एवढी मुभा असते. एका दुपारपुरतं वेडपट गुरू व्हायचं, खऱ्या प्रवचनाच्या चालीत खोटं प्रवचन यिडिश बोलीत गायचं आणि वर्षभर ज्यांच्यापुढे माना तुकवल्या त्यांची साग्रसंगीत हजामत करायची. सत्तेचाळीस पुरीम तो खुर्चीवर उभा राहिला होता. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी वर चढवायलाच दोन माणसं लागत.

पण सिनेगॉगचा अध्यक्ष मोटल त्याची बाही सोडत नव्हता.

"रेब गेत्सल, हात जोडतो. कोर्देरोला हात लावू नका."

"नगरसेवकाला पहिल्या रांगेत बसवतोस आणि म्हणतोस हात लावू नका?"

"मंगळवारी मतदान आहे. आपलं तळघरातलं स्वयंपाकघर चालू ठेवायचं की बंद करायचं, ते त्याच्या एका मतावर अडलंय. साठ म्हातारी माणसं तिथे दुपारची जेवतात. तुम्हीसुद्धा जेवता."

"ते सूप मी जेवत नाही रे. सोसतो."

मोटलनं बाही आणखी घट्ट धरली.

"आणि त्याला आपलं यिडिश कुठे कळतंय?" गेत्सल म्हणाला.

"लोक हसले की विचारणारच ना, काय म्हणाले म्हणून. मग मी काय सांगू?"

गेत्सलनं टेबलांकडे पाहिलं. खसखस भरलेल्या तिकोनी बिस्किटांच्या ताटामागे श्प्रिंत्से बसली होती. नवरा गेल्यापासून तिचं दिवसभरातलं बोलणं म्हणजे तळघरातल्या त्या जेवणाच्या टेबलावरचं. एरवी तिच्या घरात रेडिओच बोलायचा.

"बरं," तो म्हणाला. "गाळतो त्याला."

"ए गेत्सल!" श्प्रिंत्से ओरडली. "चढतोस, की कडेवर घेऊ?"

तो चढला. चाल धरण्याआधी, नेहमीसारखं, त्यानं क्षणभर डोळे मिटले. ती चाल पोलंडमधल्या त्याच्या गावी येणाऱ्या एका फिरत्या प्रवचनकाराची. गाडीवानसुद्धा चाबूक काखेत धरून ऐकत उभे राहायचे आणि नाक ओढायचे. देवाचं नाव त्या आवाजात असं यायचं, की ते आपल्याच घरातल्या कुणाचं वाटावं. रडवायची ती चाल गेत्सलनं हसवायला घेतली होती, म्हणून दरवर्षी तो मनातल्या मनात त्या माणसाची परवानगी मागे.

पूर्वी हा हॉल तुडुंब भरायचा. एखादा शब्द नेमका बसला की वरच्या सज्जातून बायकांचं हसू कोसळायचं आणि संध्याकाळपर्यंत तो शब्द रस्त्याच्या टोकापर्यंत पोचलेला असायचा. आता पुरतं यिडिश कळणारे चौघं उरले होते. बाकीच्यांना आजीच्या तोंडच्या शिव्या तेवढ्या ठाऊक. गळ टाकून बसल्यासारखे ते बसत आणि ओळखीचा शब्द लागला की हसत.

त्यानं मोटलला 'नुडनिक' म्हटलं, दार लावलं तर खिडकीतून येणारा चिकटा. गळाला लागलं, हसले. महापौरांना 'क्नाकर' म्हटलं, आपण आरवलो म्हणूनच उजाडलं असं समजणारा कोंबडा. थोडे हसले. बंद पडलेल्या बॉयलरची आरती झाली, कोपऱ्यावरच्या घरमालकाची झाली. कोर्देरो सुरुवातीला टाळ्या वाजवत होता. हळूहळू त्याचे हात टेबलावर आले आणि तिथेच राहिले.

गेत्सल खाली उतरला तेव्हा कोर्देरो उठून समोर आला.

"रेब गेत्सल, सात वर्षं मी इथला नगरसेवक आहे. मी इतका फालतू?"

शब्द यिडिश होते. तेही पुस्तकातले नव्हेत, याच रस्त्यावरच्या जिन्यांमधले. मोटलच्या हातातला पेला टेबलाच्या कडेवर आपटला.

"तुम्हाला हे... कुठून?"

"आमच्या मजल्यावर पोर्तो रिकोचे आम्ही एकटेच. आई कामावर जायची, शेजारच्या फेगे आजींनी मला वाढवलं. इंग्रजी नंतर शिकलो. पुरीमला त्या मला वर सज्जात घेऊन बसायच्या. तेव्हाच्या नगरसेवकाला तुम्ही किटली म्हणाला होतात. शिट्टी मोठी, चहा नाही." त्यानं खुर्चीकडे बोट केलं. "आजी म्हणायच्या, या खुर्चीवरून ज्याचं नाव घेत नाहीत, तो माणूस मोजूच नये."

"ऐकलंस ना?" श्प्रिंत्से म्हणाली. "पाहुणा पानावर बसलाय आणि तू वाढत नाहीस! चढ परत."

या वेळी चढायला आधार कोर्देरोनंच दिला.

गेत्सलनं चाल धरली. "राफाएल कोर्देरो प्रत्येक मयताला येतो, तीन भाषांत रडतो आणि भांडी घासायची वेळ आली की घड्याळ बघतो." कोर्देरोनं टेबलावर थाप मारली. "फीत कापायला कात्री घरून आणतो, गटार तुंबलं की त्याला पडसं होतं." हसता हसता तो डोळे पुसायला लागला. आजवर अख्खा हॉल हसायचा आणि पाहुणा हॉलकडे बघून आपलं हसू बेतायचा. आज हॉल पाहुण्याच्या तोंडाकडे बघत होता आणि तो हसला की कोसळत होता. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं हसू, जसंच्या तसं. मोटलसुद्धा हसत होता. आता बस, अशी खूणही करत होता.

गेत्सलला थांबता आलं असतं.

त्यानं आवाज खाली आणला. "मंगळवारी, राफाएल, बंद करा म्हणून तू हात वर करशील, आणि बुधवारी दुपारी श्प्रिंत्से भिंतीशी बोलत जेवेल."

कोर्देरो हसला नाही. म्हणून कुणीच हसलं नाही. 'श्प्रिंत्से' एवढा शब्द मात्र सगळ्यांना कळला होता. माना तिच्याकडे वळल्या. ती ताटातलं बिस्किट उगाच सरळ करत राहिली.

मोटल कोटाचं टोक ओढू लागला. कोर्देरो मान वर करून तसाच बघत होता, हात मांडीवर ठेवून, सज्जातल्या मुलासारखा.

गेत्सलनं श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून, आणखी सावकाश, म्हणायला घेतली.