नामाच्या पोटरीवरचा पट्टा

काजलने शेणव्यात पार्लर उघडलं, तेव्हा गावातल्या बाया नुसत्या बघायला आल्या. वॅक्सिंगला एकही पुढे होईना.

"कातडी निघाली तं?" एकीने विचारलं.

"आन् परत दाट आले तं?" दुसरी म्हणाली.

काजलचं तोंड उतरलं. ते बघून तिचा बाप नामा खुर्चीत बसला आणि त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीवर असं रान होतं, की तोडायला वनखात्याची परवानगी लागली असती.

काजलने गरम मेण लावलं, पट्टी दाबली आणि खसकन ओढली. नामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आनंदाचं हाये," तो म्हणाला.

पट्टीखालची पोटरी चकचकीत निघाली. कातडी जागेवर होती. बायांनी लगेच नंबर लावले.

"बाबा, बाकीचे पन काढते."

"नको गो. सगले काढले तं आधी किती होते, ते लोकांना कसं कलंल?"

आता मुरबाडच्या बाजारात नामा एक पाय उघडा ठेवून फिरतो. कुणी बघितलं, की थांबून सांगतो, "माझ्या पोरीचं काम हाये." केस उगवले, की पट्टा नवा करून घेतो. तेही बायांच्या मागे रांगेत बसून.