सातव्या अंकाचं एकतिसावं पान

मी 'तडितवीर'चा सातवा अंक बोलतोय. खरं तर बोलणार नव्हतो. आम्हा कॉमिक्सच्या जातीनं फुगे काढून दुसऱ्याच्या तोंडून बोलावं, स्वतः तोंड उघडू नये. पण गेल्या महिन्यापासून माझा जीव इतका विटलाय, की आता गप्प बसवत नाही.

चाळीसेक वर्षांपूर्वी पुण्यात छापला गेलो. रंग भडक, कागद भिकार. मुखपृष्ठावर बोटांतून वीज सोडणारा तडितवीर, आणि त्याच्या डोक्यावर, त्याच्याहून मोठ्या अक्षरांत, लेखकाचं नाव: उमाकांत खळदकर. शी! कथेचा नायक कोण, असा प्रश्न पडावा. तेव्हाच मला जरा शिसारी आली होती.

नारायणगावच्या पेठेत भंवरलालशेठचं कटलरी-स्टेशनरीचं दुकान होतं. शेठ कॉमिक्स वाचायला द्यायचे. एका आठवडे बाजाराला न्यायचं, पुढच्या बाजाराला परत आणायचं. मी दुकानात आलो तेव्हा जैनांचं पर्युषण चालू होतं. शेठच्या बायकोनं, सुंदरबाईंनी, मला सहज चाळलं आणि एकतिसाव्या पानावर त्यांचा हात थांबला. तिथं तडितवीर भस्मराज नावाच्या दुष्टाला धरतो आणि पुढच्याच चित्रात त्याची मान मुरगाळतो. "मर, कुत्र्या!" असं म्हणतो. भस्मराजाचे डोळे बाहेर, तोंडातून रक्त, सगळं लालभडक.

"अहो, असलं पोरांच्या हातात देऊन संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् कुठल्या तोंडानं म्हणायचं?" सुंदरबाई म्हणाल्या. वर्षभराच्या हिंसेची माफी त्या दिवशी मागायची असते.

शेठनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. त्या चित्राएवढा पांढरा कागद कापून चिकटवला आणि त्यावर बॉलपेनानं, जीभ दाताखाली धरून, छापल्यासारखं अक्षर काढलं: "जा. तुझी आई जेवायची थांबली असेल."

आमच्यातली अक्षरं तेव्हा हातानंच काढलेली असायची, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. आणि मेलेला भस्मराज पुढच्या अंकात येणार कसा? पोरांना वाटलं, घरी जाऊन सुधारला असेल.

मग सुरू झाले माझे हाल. माणसाला पान उलटायला थुंकी का लागते, हे मला अजून कळलेलं नाही. भज्याचं तेल, शेंबूड, एकानं तर माझ्यावर मिसळ ठेवून खाल्ली! पिंपळवंडीचा सोपान नावाचा पोरगाही काही सोवळा नव्हता. त्याच्या आमटीचा डाग माझ्या पाठीवर आहेच. पण तो मला लागोपाठ तीन बाजार घेऊन गेला आणि दर वेळी एकतिसावं पान पुन्हा पुन्हा वाचत बसला.

पुढं टीव्ही आला, पोरं फिरकेनाशी झाली. मी खोक्यात, माळ्यावर, कसर खात... नव्हे, कसर मला खात पडून राहिलो. गेल्या महिन्यात शेठच्या नातीनं, रीनानं, ते खोकं पिंपळवंडीच्या वाचनालयाला दिलं. तिथं वादविवाद ठेवला होता: 'सुपरहिरो कॉमिक्सच्या लेखकांनी पिढी घडवली की बिघडवली?' प्रमुख पाहुणे साक्षात उमाकांत खळदकर. केस पांढरे, गळ्यात हार, आणि माईक नसतानाही माईकवर बोलल्यासारखा आवाज.

पहिला बोलला कॉलेजातला सुदर्शन, जुन्या वाचकांकडून ऐकलेल्या गोष्टीच्या जोरावर. "भस्मराज पुन्हा येत नाही! का येत नाही? कारण क्षमेनंतर खलनायक उरतच नाही! याला म्हणतात लेखकाची ताकद!" टाळ्या पडल्या. खळदकर डोळे मिटून मान डोलवत होते. गड्यानं शेकड्यानं अंक लिहिलेले, त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मग हर्षाली. शाळेत शिकवते. "बुक्कीनं सगळं सुटतं, हे या लेखकांनी शिकवलं. बाई फक्त किंचाळायला ठेवली," ती म्हणाली. चुकीचं नव्हतं. पण मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसं मला कोपऱ्याला धरून बोलत होती. दोघांपैकी एकानंही मला उघडलं नव्हतं. न वाचता एवढं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी सोपान उठला. आता पन्नाशीचा, टोमॅटोचा बागायतदार.

"मला भाषान येत न्हाई. बावीस वर्षांचा व्हतो. कालव्याच्या पाण्याची पाळी माझी, अन् ह्या गोरखनं, माझ्या चुलतभावानं, बारं फोडून पाणी आपल्या कांद्यात घेतलं. मी ह्याला खाली पाडला, कोयता मानंवर ठिवला. तवा सायबांचं वाक्य आठवलं. जा, तुझी आई जेवायची थांबली आसंल. अन् खरंच राव, साळुचुलती, ह्याची आई, भाकरी घिऊन लांबून येत व्हती. मी कोयता कालव्यात फेकला. सायेब, तुमी लिवलं म्हून ह्यो जित्ता हाय."

समोरच्या रांगेत बसलेला गोरख खाली बघत होता.

"बघू, बघू तो अंक," खळदकर फुलून म्हणाले. एकतिसावं पान उघडलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे माझं नाही." त्यांनी नख घातलं. चाळीस वर्षांची वाळकी खळ ती, कागद टर्रकन निघाला.

"हे बघा माझं मूळ! काय जोर आहे! आणि हे बुळचट वाक्य कुणी डकवलं?" मला उंच धरून त्यांनी सगळ्यांना ते रक्त दाखवलं. आणि सांगायला लाज वाटते, टाळ्या पडल्या! अर्ध्या तासापूर्वी क्षमा-क्षमा करणारा सुदर्शन पुटपुटला, "काय दाहक वास्तव!" थू असल्या समीक्षेवर!

मागच्या रांगेतून रीनाचा हात धरून भंवरलालशेठ उठले. "मी चिकटवलं, साहेब. तुमच्या लिखाणाला हात लावला. चूक झाली."

"असू द्या, असू द्या," खळदकरांनी उदारपणे माफ केलं.

सोपान अजून व्यासपीठावरच होता. तीस वर्षं ज्याचं नाव घेत आला, त्यानं खरोखर लिहिलेलं वाक्य त्या घडीला आठवलं असतं तर काय झालं असतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तो खाली उतरला. पाहुण्यांसाठी आणलेली शाल तशीच काखेत धरून मागच्या रांगेत गेला आणि शेठच्या शेजारी बसला.

"शेठ, आजून कुठल्या अंकांत लिवलंय तुमी?"

"असेल दहा-बारा ठिकाणी. मी कुठला लेखक, भाऊ? मला रक्त बघवत नव्हतं, एवढंच."

बक्षीस सुदर्शनला मिळालं. खळदकरांनी एकतिसाव्या पानावर, त्या रक्तावरच, झोकदार सही ठोकली. आता मी तेच पान उघडं टाकून वाचनालयाच्या काचेच्या कपाटात पडलोय. येणारा-जाणारा माझ्याबरोबर फोटो काढतो. किळस येते मला स्वतःच्याच अंगाची.

काल गोरख आपल्या नातीला, दुसरीतल्या प्राचीला, घेऊन आला. तिनं काचेला नाक लावून अक्षर-अक्षर जुळवत वाचलं आणि विचारलं, "आजोबा, यानं त्याला खरंच मारलं?"

गोरखचा हात आपसूक मानेवर गेला.

"न्हाई बाळा," तो म्हणाला, "आमच्या अंकात न्हाई मारलं."

बाबांनो, कुलूप काढा आणि मला मिटून ठेवा. दुसरं काही मागत नाही.