आपल्या पाण्याची वाट पाहणारा हौद

मित्रांनो, मी सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यातला म्हातारा हौद आहे. कमरेइतका उंच, एखाद्या खोलीएवढा लांब, दगड-सिमेंटचा. सगळे मला मासेहौद म्हणतात. माझे जातभाई बागेत असतात, बंगल्यांपुढे असतात आणि त्यांना दिवसभर मिरवण्यापलीकडे काही काम नसते. मी मात्र कामाचा हौद. निदान होतो तरी.

या वयात मला एकच ओढ लागून राहिली आहे. आमच्या कारखान्याचे स्वतःचे पाणी पुन्हा एकदा माझ्या अंगावरून वाहत जावे. रंगाच्या कारखान्याचे पाणी मागतो म्हणजे या हौदाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा, पण आधी माझी हकीकत ऐका.

माझा जन्म झाला तो एका भांडणातून. कारखाना तेव्हा नवा होता. रंगवून झालेले पाणी तीन टाक्यांतून फिरायचे, त्यात औषधे पडायची, मग वाळूच्या थरांतून गाळून ते ओढ्यात सोडले जायचे. ओढ्याच्या काठाला खालची वस्ती आहे. तिथल्या बायका त्याच पाण्यात कपडे धुवायच्या, मुले डुंबायची, भाजीचे वाफे त्यावरच भिजायचे. एक दिवस ती सगळी माणसे फाटकापाशी येऊन उभी राहिली. पाणी स्वच्छ आहे हे आम्ही कशावरून मानायचे, असा त्यांचा सवाल होता. कारखान्याच्या थोरल्या मालकांनी तपासणीचे कागद दाखवले, तर एक म्हातारी म्हणाली, "कागद पिऊन बघा की मग!"

थोरले मालक रागावले नाहीत. ते घरी गेले आणि तिसऱ्या दिवशी गवंड्याला घेऊन आले. वाळूच्या थरांच्या पुढे, ओढ्याच्या अलीकडे, अगदी शेवटच्या जागी त्यांनी मला बांधून घेतले. गवंडी माझा तळ घोटून घोटून इतका गुळगुळीत करत होता की त्याची बायको त्याला म्हणाली, "आपल्या न्हाणीचा तळ कधी असा केला नाहीत ते!" मग माझ्यात मासे सोडले. ओढ्यात जाणारा थेंब न् थेंब आता माझ्यातून जाणार होता. मालकांनी वस्तीतल्या माणसांना बोलावून सांगितले, "माझ्या शब्दावर जाऊ नका. कधीही या आणि मासे पाहून जा." आणि कामगारांना सांगितले, "मासे उलटे झाले की यंत्रं बंद. कुणीही करा. मला विचारायला यायचं नाही."

काय सांगू ते पाणी! मला यायचे तेव्हा ते कोमट असायचे. त्याला भिजलेल्या सुताचा आणि चुन्याचा बारीक वास असायचा. दिसायला निवळ, पण कितीतरी हातांतून आलेले. ते एका तोंडाने आत शिरायचे, माशांना वळसा घालायचे आणि दुसऱ्या तोंडाने ओढ्याकडे निघून जायचे. आपल्यावाचून कुणाचे अडते आहे, ही भावना फार गोड असते हो. मी तिच्यावर कितीतरी वर्षे जगलो.

माझी देखभाल मासेमामांकडे होती. ते आधी सुताचे गठ्ठे उचलायचे, पण पाठ धरली म्हणून मालकांनी त्यांना माझ्याकडे दिले. त्यांचा जीव माशांत असा गुंतला की डबा घेऊन येणाऱ्या मामी एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्याशी दोन शब्द बोलायला आता मी पण हौदात उतरू का?" रंगारी कामावर येताना आधी माझ्यात डोकवायचे आणि मगच रंगाच्या कढया पेटवायचे. वस्तीतले लोकही जाता-येता फाटकातून आत येऊन माझ्या काठावर टेकायचे. त्यांना कुणी हटकत नसे.

एकदाच मासे उलटे झाले. लाल रंगाचे मोठे काम अर्ध्यावर होते. मामांनी घंटा बडवली, रंगाऱ्यांनी खटाखट खटके पाडले आणि हातातले सगळे सूत वाया गेले. मालक धावत आले. सगळ्यांचे चेहरे पडले होते. त्यांनी माझ्यात पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "वस्तीत कुणी सांगितलं का?" कुणीच सांगितले नव्हते. मग ते स्वतः उतरणीवरून खाली गेले आणि घराघरापुढे उभे राहून आज पाणी घेऊ नका म्हणून सांगत फिरले. त्या संध्याकाळी त्या म्हातारीने त्यांना बसायला पाट दिला, असे मामा माशांना सांगत होते. मी ऐकत होतो. मला इतका अभिमान वाटला की विचारू नका.

पुढे थोरले मालक गेले. त्यांची मुलगी, आम्ही तिला ताई म्हणतो, दूरच्या शहरातल्या कचेरीतून कारभार पाहू लागली. इथे व्यवस्थापक साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळे झटपट आणि चकचकीत लागायचे. कढया दुप्पट झाल्या. पाणी शुद्ध करणाऱ्या टाक्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. साहजिकच मासे वरचेवर उलटे होऊ लागले आणि यंत्रे वरचेवर बंद पडू लागली.

"रोज उठून माशांचं दुखणं काढत बसलो तर धंदा कधी करायचा?" साहेब एकदा वैतागून म्हणाले.

"पण साहेब, टाक्या वाढवल्या तर..." मामांनी तोंड उघडले.

"वाढवू, वाढवू. आत्ता नको."

आणि मित्रांनो, मग त्यांनी टाक्या वाढवल्या नाहीत. त्यांनी मलाच बाजूला काढले. कुंपणाच्या झुडपांमागून एक नळी थेट ओढ्यापर्यंत नेली. माझे येणारे तोंड लिंपून टाकले, जाणारे तोंडही लिंपले आणि मला नळाच्या पाण्याने भरले. अंगावर निळ्या फरश्या बसवल्या, मधोमध कारंजे उभे केले, पाठीमागे एक भली मोठी पाटी लावली. 'आमचे पाणी, आमची जबाबदारी.' पाहुणे यायचे, माझ्यापाशी उभे राहून फोटो काढायचे, वा वा म्हणायचे. इतके कौतुक मला उभ्या जन्मात मिळाले नव्हते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होत होते. पाणी माझ्यात नुसते बसून असायचे. ते कुठून येत नव्हते, कुठे जात नव्हते. माझ्या दगडांना त्या कोमट पाण्याची इतकी सवय होती की सकाळच्या पाळीची चाहूल लागली की मी अजूनही वाट पाहायचो.

वस्तीतले लोक येईनासे झाले. फाटकावर आता पहारेकरी होता. मामा सारखे एकच बोलत राहिले, "हे पाणी आपलं नाही, साहेब." शेवटी साहेबांनी त्यांची बदली गोदामावर केली.

एके दिवशी बातमी आली. समाजाचे भले करणाऱ्या कारखान्याला दिला जाणारा मान यंदा आम्हाला मिळणार होता. पारखायला समितीची माणसे येणार होती, सोबत ताईही. साहेबांची धांदल उडाली. माझ्या पाण्यावर शेवाळ धरले होते, जुने मासे कधीच संपले होते. त्याच सकाळी मला उपसले, घासूनपुसून लख्ख केले, नळ सोडून काठोकाठ भरले आणि दुकानातून आणलेले सोनेरी मासे त्यात सोडले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नळाच्या पाण्यात जंतू मारायचे औषध असते. आपल्याला त्याचे काही वाटत नाही, पण माशांना ते सोसत नाही. म्हणून माझ्याकडे होते तोवर मामा ते पाणी आधी पिंपांत भरून दोन दिवस उघडे ठेवायचे, औषध उडून गेले की मगच माझ्यात ओतायचे. पण मामा होते गोदामावर, आणि त्यांना विचारायला जाणे कुणाला सुचले नाही.

पाहुणे आले. साहेबांनी पाटीकडे हात करून भाषण सुरू केले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. एक मासा वर आला, तोंडाची उघडझाप करू लागला आणि कलंडला. मग दुसरा. मग कारंज्याभोवती पांढरी पोटेच पोटे दिसू लागली. समितीतल्या जाड चष्म्याच्या बाई वाकून पाहत म्हणाल्या, "अहो, हे तुमच्या कारखान्याचंच पाणी ना?"

साहेब वळले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. कारखान्यावर बालंट येते आहे, एवढेच त्यांना कळले. ते घाईघाईने म्हणाले, "छे छे, बाई! कारखान्याचं कसलं? शुद्ध नळाचं पाणी आहे! प्यायचं! आज सकाळीच भरलंय, कुणालाही विचारा!"

 कारंजे खुळ्यासारखे उडत राहिले. ताईंनी हळूच विचारले, "मग आपलं पाणी कुठं जातं?"

साहेब पुन्हा पाटीकडेच हात करू लागले. ताईंनी गोदामातून मामांना बोलावून घेतले आणि तोच प्रश्न त्यांना केला.  मामा म्हणाले, "सांगत नाही ताई. चला, दाखवतो." दोघे झुडपांमागे गेले, तिथून खाली वस्तीकडे. बऱ्याच वेळाने ताई परतल्या तेव्हा त्यांच्या चपला निळ्या झाल्या होत्या. समितीची माणसे केव्हाच निघून गेली होती.

"कढया बंद करा," ताई म्हणाल्या. "मासे उलटे झालेत. बाबांचा नियम तुम्हाला माहीत आहे."

"पण ताई, हे तर नळाच्या पाण्यानं..." साहेब चाचरले.

"कुठल्या पाण्यानं ते मी विचारत नाहीये."

त्या दिवशी ती नळी बंद झाली. आता शुद्ध करता येईल तेवढेच सूत रंगवतात, म्हणजे अगदी थोडे, आणि ते पाणीही ओढ्यात न सोडता पुन्हा कढयांतच घेतात. वस्तीला चांगले पाणी कारखान्याकडून जाते, पण तिथली माणसे आमच्या फाटकाकडे पाहतही नाहीत, आणि का पाहावे त्यांनी? नव्या टाक्यांचे बांधकाम चालू आहे. ताईंनी साहेबांना काढले नाही, त्याच बांधकामावर उभे केले आहे. रोज वाळूतून गाळलेले पाणी बाटलीत धरून ते उन्हासमोर पाहतात आणि मान हलवतात. अजून नाही.

माझ्या फरश्या उखडल्या, कारंजे गेले, लिंपलेली दोन्ही तोंडे पुन्हा फोडून मोकळी केली. मी कोरडा पडून आहे. उन्हाने अंगाला भेगा जाताहेत. मध्यंतरी कुणीतरी सुचवले की हा रिकामा हौद वाईट दिसतो, तोवर टँकरने भरून टाकू. ताई म्हणाल्या, "दिसू दे वाईट." मामा माझ्या काठावर येऊन बसतात आणि माझ्या तळाकडे पाहतात.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी कारखाना काढेल, कुणी तिथे काम करेल, कुणी त्याच्या ओढ्याकाठी राहील. तेव्हा माझ्यासारख्याकडे पाहून नुसते वा वा म्हणू नका. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, तेवढे चालत जाऊन पाहा. आणि मला पाहायला आलात, तर दया येऊन माझ्यात बादलीभर पाणी ओतू नका. मला तहान लागली आहे, फार लागली आहे. पण माझ्या खाली माणसे राहतात. त्यांना चालेल असे पाणी येईपर्यंत मला तहानलेलाच राहू द्या.