सोबत एकच पाहुणा

“सर, आपका कार्ड अब सिल्वर है. सिल्वर में लाउंज नहीं आता,” विमानतळावरच्या लाउंजच्या काउंटरवरची मुलगी अदबीने म्हणाली.

“ऐसे कैसे? इस पे तो गोल्ड लिखा है ना?” गुरुदत्तने कार्ड पुन्हा पुढे सरकवले. मागे सुधा नव्या साडीचा पदर सावरत आतल्या दिव्यांकडे पाहत होती. दोघे पुण्याला, लेकीकडे निघाले होते.

नियम बदलल्याचा मेल त्याने वाचला होता. पूर्वी कार्ड देताना किती वेळा उडालात ते पाहत. आता तिकीट किती महागाचे ते पाहणार होते. त्याने विमान कंपनीला खरमरीत पत्र लिहिले. ‘आपण आमच्यासाठी मोलाचे आहात’ असे उत्तर आले, आणि त्या वाक्यावर त्याने नको तितका विश्वास ठेवला.

कोलकात्यात गार्डन रीचच्या जहाज कारखान्यातला तो तपासणी अभियंता. सरकारी नियमानुसार तिकीट नेहमी सर्वांत स्वस्त. इतरांना नकोसे असलेले विशाखापट्टणमचे दौरे तो मागून घेई. उड्डाणे वाढावीत म्हणून चेन्नईमार्गे, विमान बदलत परते. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये जेवण झाकून बसलेल्या सुधाला मग तो लाउंजमधल्या मैद्याच्या पुऱ्यांसारख्या फुगलेल्या लुच्या, मऊ खुर्च्या, कॉफीचे यंत्र यांचे वर्णन ऐकवी. “एकदा तुला नेतो,” हे शेवटचे वाक्य ठरलेले.

“अहो, गुरुदत्त सर!”

ओंकार. पूर्वी त्याच्याच हाताखाली होता. नंतर खासगी कंपनीत गेला. वर्षातून मोजकीच उड्डाणे, पण सगळी पुढच्या महागड्या, रुंद खुर्चीत. त्याच्या हातातले सोनेरी कार्ड आपल्याच खिशातून काढून घेतले आहे, असे गुरुदत्तला वाटले.

“नवीन नियम आले आणि आपोआप गोल्ड झालो, सर. मी काही केलंच नाही हो!” ओंकार हसला. “चला की दोघं माझ्याबरोबर.”

मुलीने मान हलवली. सोबत एकच पाहुणा.

“मग वहिनी, तुम्ही तरी चला.”

ती नको म्हणेल, अशी गुरुदत्तची खात्री होती.

“बघून तरी येते हो,” सुधा म्हणाली. “इतकं ऐकलंय तुमच्याकडून.”

“जा की. माझं काय, मी पाहिलंय सगळं.”

काचेतून त्याला दिसले, ओंकार यंत्रापाशी वाकून तिला कुठले बटण दाबायचे ते दाखवत होता. कप भरला तशी ती हसली, तोंडावर हात नेऊन, माहेरच्या माणसांत हसायची तशी. हे हसू त्याने मनात कितीदा तरी पाहिले होते. त्यात ओंकार कधीच नव्हता.

गेटपाशी गर्दी होती. तो दोघांच्या बॅगा घेऊन बसला आणि शेजारच्या खुर्चीवर सुधाची शाल ठेवली. एक वयस्क गृहस्थ थांबले.

“दादा, एखाने केउ आछे?” इथे कुणी आहे का, असे त्यांनी शालीकडे बोट दाखवत विचारले.

“आछे,” तो म्हणाला.

गृहस्थ तिथेच, काठीवर भार देऊन उभे राहिले. गुरुदत्तने शालीवरचा हात काढला नाही.