मागे जाण्याची सोय

जाहिरातवालीने त्याच्या कॉलरला माइक अडकवला, वायर शर्टाच्या आतून खाली सोडायला सांगितली आणि दोन पावलं मागे सरकून त्याच्याकडे पाहिलं.

“काहीतरी बोला. आवाज तपासायचाय.”

“काय बोलू?”

“काहीही. सकाळी काय खाल्लंत ते सांगा.”

“काही नाही खाल्लं.”

कॅमेरावाल्याने हेडफोनवर हात ठेवून मान डोलावली. आवाज चांगला येत होता.

कारखान्यात ज्या कंपनीचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर चालत होतं, त्या कंपनीची ही माणसं. समाधानी ग्राहक गाठायचे, त्यांचे अनुभव कॅमेऱ्यात घ्यायचे आणि नव्या गिऱ्हाइकांना दाखवायचे, हा त्यांचा उद्योग. समाधानी ग्राहक म्हणून याचं नाव दादाने कळवलं होतं, तेही याला न विचारता. दादा आत्ता दाराशी हाताची घडी घालून उभा होता आणि धाकट्या भावाचं लग्न ठरल्यासारखा त्याच्याकडे कौतुकाने बघत होता.

“ताठ बस की रे धाकट्या,” दादा म्हणाला. “चोरी केल्यासारखा काय बसलायस?”

धाकटा ताठ बसला.

कारखाना तसा लहानच होता. अपघातात गेलेली बोटं, भाजलेले कान, आजाराने खाल्लेलं नाक, ज्याचं जे गेलं ते त्याला सिलिकॉनमध्ये करून द्यायचं. दादा बाहेरचं बघायचा, धाकटा कम्प्युटर बघायचा आणि वहिनीचा स्वतःचा एक विभाग होता. ज्या बायकांचे स्तन काढावे लागले त्यांच्यासाठी ती कृत्रिम स्तन करायची. धाकट्याने तो शब्द आजवर तोंडातून काढला नव्हता. तो ‘वहिनींच्या विभागातलं काम’ म्हणायचा. त्या फाइली कितीदा तरी त्याच्या हाताखालून जायच्या, पण त्या किती जागा खातात एवढंच तो बघायचा.

“आधी कसं होतं, तिथून सुरुवात करा,” जाहिरातवाली म्हणाली.

हे सोपं होतं. आधी पाच सर्व्हर होते. दिवसरात्र घोंघावणारे, अख्खी खोली अडवून बसलेले. मग त्याने दादाच्या मागे लागून एकच दणकट यंत्र घ्यायला लावलं आणि या सॉफ्टवेअरने त्याच्याच पोटात पाच सर्व्हर उभे केले. वागायला पाचही वेगळे, राहायला एकाच पत्र्याच्या डब्यात. वहिनीला समजावताना तो म्हणाला होता, एका घरात पाच बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाला वाटतं आपलं घर स्वतंत्र आहे. त्यावर वहिनी म्हणाली होती, “म्हणजे नळ गेला की पाचही बिऱ्हाडं भांडायला बाहेर.” हा विनोद त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितला. जाहिरातवाली हसली, पण हे कापून टाकणार हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रिकामी झालेली खोली वहिनीला मिळाली. तोवर बायकांच्या अंगाचा आकार टिपणारं स्कॅन पडद्याआड व्हायचं. पलीकडून कोणी शिंकलं तरी त्या अंग चोरायच्या. आता वहिनीच्या खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. एवढं मात्र धाकट्याने मनापासून सांगितलं, कारण तेवढंच निखालस चांगलं झालं होतं.

“छान,” जाहिरातवाली म्हणाली. “आता एक वाक्य तेवढं तुमच्या तोंडून हवंय. ‘चूक झाली तरी काळजी नाही, एका क्लिकवर मागे जाता येतं.’ तुमच्या शब्दांत म्हणा. जरा हसून.”

“चूक झाली तरी,” धाकटा म्हणाला आणि थांबला.

“पुन्हा घेऊ.”

“चूक झाली तरी काळजी… पाणी मिळेल का?”

दादा स्वतः पाणी आणायला गेला.

वाक्य खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. सर्व्हरमध्ये मोठा बदल करण्याआधी त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा, म्हणजे तो त्या घडीला जसा आहे तशी खूण करून ठेवायची. पुढे बिघडलं तर खुणेपर्यंत परत यायचं. हेही त्याने वहिनीला सांगितलं होतं, तिच्या हातातल्या विणकामावरूनच. चांगल्या ओळीतून तुम्ही वेगळा दोरा ओवून ठेवता ना, तसं. चुकलं की तिथपर्यंत उसवायचं. वहिनी सुया न थांबवता म्हणाली होती, “आणि त्यापुढचं बरोबर विणलेलं असलं तर तेही गेलंच की.” तो ‘हो, अर्थात’ म्हणाला होता आणि जेवायला उठला होता.

मग वहिनीच्या स्कॅनच्या सर्व्हरवर त्याने अशी एक खूण घेतली, बदल केला, बदल सुरळीत चालला आणि खूण काढायची राहून गेली. त्या खुणेच्या भरवशावर तो इतका निर्धास्त झाला की रोजच्या कामाची नक्कल दुसरीकडे ठेवायचं कामही ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून ढकलत राहिला. काही आठवड्यांनी एका सकाळी तो सर्व्हर सुरूच होईना. दादा डोक्यावर उभा, गिऱ्हाइकं बाकावर बसलेली. धाकट्याने मागे जायचं बटण दाबलं. सध्याची स्थिती नष्ट होईल, अशी सूचना पडद्यावर आली. असल्या सूचना दिवसाला ढीगभर येतात. त्याने ‘हो’ दाबलं. सर्व्हर झटक्यात सुरू झाला, दादाने पाठ थोपटली, चहा आला. तो चहा पीत असताना वहिनी दारात येऊन म्हणाली, “भावजी, मधल्या बायका कुठे गेल्या?”

मधल्या आठवड्यांत तपासलेल्या सगळ्या बायकांची स्कॅन गेली होती.

“डिस्क उडाली का रे?” दादाने विचारलं होतं.

“हं,” धाकटा म्हणाला होता.

खोटं ते एवढंच, एका अक्षराचं. पण दादाने ते उचललं आणि डिस्क विकणाऱ्याला फोनवर फैलावर घेतलं. तो बिचारा दुसऱ्या दिवशी नवी डिस्क घेऊन आला आणि वर हात जोडून माफी मागून गेला. त्याला जिन्याच्या खालपर्यंत सोडायला धाकटाच गेला होता. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्याने आजवर कितीजणांना ऐकवली असेल. त्या दिवशी ती स्वतःलाच ऐकवून तो वर आला. लाज वाटत होती, पण बोलावंसं वाटण्याइतकी नाही. ती पुढे वाढत गेली.

वहिनीने कोणालाच बोल लावला नाही. एकेकीला फोन करून तिने पुन्हा बोलावलं, पुन्हा दिव्यांखाली उभं केलं. कुरकुर करत का होईना, सगळ्या येऊन गेल्या. एकीला मात्र येऊन उपयोग नव्हता. तिचं ऑपरेशन मध्येच होऊन गेलं होतं, दोन्ही बाजूंचं. होतं तसंच परत मिळावं म्हणून ती ऑपरेशनच्या आधी मुद्दाम येऊन गेली होती, आणि बघून करायला आता तिच्या अंगावर काही उरलं नव्हतं.

ती पोहायला शिकवायची. जखमा भरल्यावर आज ती पहिल्यांदा यायची होती, नेमकी याच वेळेला. चित्रीकरण ठरवताना दादाने ना याला विचारलं होतं ना वहिनीला.

दादा पाणी घेऊन आला आणि त्याच्या मागोमाग जिन्यात तिचा आवाज आला. तलावाच्या या काठावरून त्या काठाला ओरडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हळू बोलणं जमत नाही. ती दारावरून गेली. सैल शर्ट, केस अगदी बारीक, खांद्याला भलीमोठी पिशवी. कॅमेरा बघून ती थबकली.

“सिनेमा काढताय?”

“आमच्या सर्व्हरचा,” दादा हसत म्हणाला.

“मग हिरो जरा हसरा तरी घ्यायचा,” ती म्हणाली आणि पुढे गेली. वहिनीच्या खोलीचं दार लागलं, कडी सरकली.

“चूक झाली तरी,” धाकट्याने पुन्हा सुरुवात केली.

कॅमेरावाल्याने हात वर केला. “थांबा. मागून बोलणं येतंय.”

दोन खोल्यांच्या मध्ये नुसती प्लायवुडची भिंत होती. सगळे गप्प बसले तसं पलीकडचं आणखीच स्पष्ट ऐकू यायला लागलं.

“…घरी सगळे म्हणतात, नशीब. मीही तेच म्हणते आता. अंगावरचं गेलं तर गेलं, निदान तुमच्या मशीनमध्ये तरी राहावं. तेही नाही. मीच ऑपरेशनची घाई केली का हो? थोडं थांबले असते तर पुन्हा येऊन गेले असते. रोज तेच डोक्यात येतं.”

“ताई, तुमचं काही चुकलं नाही.” हा वहिनीचा आवाज. “नशिबावरही घालू नका. मशीन बिघडलंच नव्हतं. विणलेलं उसवतात ना, तसं मागचं एक सुधारायला उसवलं आणि पुढचं चांगलंही त्यात गेलं. न बघता उसवलं.”

“कोणी?”

“मी.”

धाकट्याच्या हातातलं पाणी तसंच राहिलं. डिस्क उडाली असती तर जुन्या बायकाही गेल्या असत्या. गेल्या त्या फक्त मधल्या. एवढं ओळखायला वहिनीला कितीसा वेळ लागणार होता, आणि तेही त्यानेच इतकं नीट समजावून सांगितल्यावर. म्हणजे त्या सकाळी दारात येऊन तिने विचारलं, तेव्हाच तिला कळलं असणार. त्यानंतर रोज ती त्याला वाढत होती, रोज भावजी म्हणत होती.

“तुम्ही?” पलीकडून बाईंचा आवाज आता खरंच तलावावरचा झाला होता. “मला फोनवर मशीन म्हणालात.”

“म्हणाले.”

“मी इथे हात वर करून उभी राहिले होते. एवढ्या उजेडात नवऱ्यासमोरही कधी उभी राहिले नाही. तुम्ही म्हणालात, आता हे कुठे जात नाही, निवांत जा ऑपरेशनला. आठवतंय?”

“आठवतंय.”

“आणि मी गेले निवांत. मूर्खासारखी. त्या टेबलावर झोपताना मनात हेच होतं, की तुमच्याकडे आहे. लाज नाही वाटली तुम्हाला?”



“तुझी वहिनी काय बोलतेय?” दादा हलक्या आवाजात म्हणाला. “डिस्क उडाली होती ना रे?”

धाकट्याने पेला खाली ठेवला आणि कॉलरचा माइक काढायला लागला. चिमटा निघेना, तेव्हा त्याने तो ओढूनच काढला.

“अहो, एकच वाक्य राहिलंय,” जाहिरातवाली म्हणाली.

“ते मला नाही म्हणता येणार.”

दादाने दारात त्याचा दंड धरला. धाकट्याने दादाकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. दादाचा हात आपोआप सुटला. एवढ्याने त्याला कळलं असावं, कारण पुढे त्याने काही विचारलं नाही.

वहिनीच्या दाराशी येऊन धाकट्याने हलकेच टकटक केली.

“कोण?”

“मी, वहिनी.”

“आत येऊ नका भावजी. ताईंचे कपडे काढलेत.”

“आत नाही येत. इथूनच सांगतो.” “वहिनींनी काही केलं नाही. मी केलं. बटण मी दाबलं. सूचना आली होती, मी वाचली नाही. आणि डिस्क उडाली म्हणून सगळ्यांना खोटं सांगितलं. वहिनी मला पाठीशी घालतायत.”



“काय पुसलंत तुम्ही?” बाईंनी विचारलं. या वेळी त्या ओरडल्या नाहीत.

“तुमचं स्कॅन.”

“कशाचं?”

धाकट्याने दाराच्या चौकटीला हात टेकला. पाठीमागे दादा होता, जाहिरातवाली होती, कॅमेरावाला होता. सगळे ऐकत होते.

“तुमच्या स्तनांचं,” तो म्हणाला.

“हां.”

 मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आता दार उघडेल आणि बाई तोंडावर काय वाटेल ते बोलतील, म्हणून तो तयार उभा राहिला. कडी निघाली नाही.

“जाऊ नका,” बाई आतून म्हणाल्या. “तिथेच उभे राहा. बाकीच्यांना जाऊ दे.”

बाकीच्यांना सांगावं लागलं नाही. जाहिरातवालीने आधीच तोंड फिरवलं होतं. दादा तिला आणि कॅमेरावाल्याला घेऊन बाहेरच्या खोलीत गेला आणि त्याने मागून दार ओढून घेतलं.

“घ्या हो ती नमुन्याची माती,” आत बाई वहिनीला म्हणाल्या. “डोळ्यांपुढे आहे मला अजून. मी सांगते तसं करत जा.”

ओली माती टेबलावर आदळल्याचा आवाज आला, मग पाण्यात हात बुडवल्याचा.

“उजवी बाजू डावीपेक्षा थोडी खाली होती. एवढी नाही, याच्या निम्मी. दोन्ही पोरांना हीच बाजू लागायची, दुसरीकडे घेतलं की भोकाड पसरायची. म्हणून असेल. बाहेरच्या अंगाला जरा सुटलेली होती, कपडा घातला की कळायचं नाही. मला कळायचं. पाण्यात उतरताना थंड पहिल्यांदा तिथे लागायचं.” त्या थांबल्या. “ऐकताय ना, बाहेर?”

“ऐकतोय,” धाकटा म्हणाला.