फैजपूरची गृहभेट

मुलांना वचन द्यायचं नाही, हे कामिनीने परीक्षेत दोनदा लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा चांगले गुण मिळवले होते. तरी बालगृहाच्या व्हरांड्यात अकरा वर्षांच्या मयुरीने तिच्या ओढणीचं टोक धरून विचारलं, "ताई, मनी मायले भेटशी का?" तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "भेटते तुझ्या आईला. आणि ती जे म्हणेल ते तुला जसंच्या तसं सांगते."

दिवस मावळायच्या आत ही बातमी धुळ्याच्या त्या बालगृहात सगळ्या खोल्यांमधून फिरली. मयुरीने पेटी आवरली आणि आपला रंगांचा डबा शेजारच्या पलंगावरच्या मुलीला देऊन टाकला. अधीक्षक कुंदाताई कामिनीला म्हणाल्या, "बाई, महिना संपला की तू जळगावला निघून जाशील. हिच्या नाकदुऱ्या काढायला मीच आहे इथे."

कामिनी रसायनशास्त्र शिकलेली. केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेतली नोकरी सोडून, घरच्यांचे टोमणे ऐकत, ती जळगावला समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आली होती. विषय बालकल्याण. दुसऱ्या वर्षाच्या क्षेत्रकार्यासाठी तिला धुळे मिळालं, आणि मयुरीचं प्रकरण तिच्याकडे आलं. मयुरीचे वडील शिंदखेड्याकडचे. ते वारल्यावर आई सुलक्षणाचा तिच्या भावाने पाट लावून दिला, फैजपूरच्या एका बिजवराशी. पाटाच्या बाईबरोबर पहिल्या घरचं लेकरू जात नाही, ते बापाच्या घरी राहतं, अशी रीत. मयुरी आजीपाशी राहिली. आजी गेली तशी काकाने तिला बालगृहात आणून सोडलं. आता गुरुवारी बालकल्याण समिती तिचं पुढचं ठरवणार होती, आणि त्याआधी फैजपूरचं घर पाहून कामिनीने शिफारस द्यायची होती.

"आई आहे, घर आहे. संस्था हा शेवटचा पर्याय," तिचे मार्गदर्शक हेमराज सर फोनवर म्हणाले. "सासरचे नाही म्हणतील. त्यांना समजावायची तयारी करून जा."

तयारी तिने केली. जळगावला बस बदलली, यावलच्या पुढे दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या, आणि सगळी वाट ती एका न पाहिलेल्या सासूशी मनातल्या मनात भांडत राहिली.

ती सासू, झुंबरबाई, ओट्यावर तूर निवडत बसली होती. कामिनीने नाव सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सुलक्षणाताईंशी जरा खासगी बोलायचं होतं."

"खासगी काय त्याच्यात?" झुंबरबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तिच्या पोरीचं ना? ठाऊक आहे व माय. आना ना तिले! बागेत मजूर जेवून जाता रोज, एक पोरगी जड आहे का आम्हाले?"

कामिनीची सगळी उत्तरं जागच्या जागी फुकट गेली. तिला हसू आलं, हलकंही वाटलं. तेवढ्यात एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तेरा-चौदा वर्षांची, कडेवर सावत्र भाऊ, परकराला पिठाचे हात पुसलेले.

"ही पुनम. माझ्या लेकाची, पहिल्या बायकोची. मोठी गुणाची," झुंबरबाई म्हणाल्या. "सातवी झाली. आता घर पाहते."

भर शाळेची वेळ होती. कामिनीने पाणी पिऊन तांब्या पुनमच्या हाती परत दिला. सुलक्षणा दाराच्या चौकटीत डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

कामिनी निघाली तेव्हा ती म्हणाली, "मी बसथांब्यापर्यंत येते यांच्यासोबत."

गल्ली संपली, केळीचे घड भरलेला एक ट्रक धूळ उडवत गेला, आणि सुलक्षणा आपल्या माहेरच्या बोलीवर आली.

"तिले आनू नका, ताई."

"सासूबाई तर तयार आहेत."

"सासू चांगली शे. तिना मनमा काही नही. मीच नको म्हणस." ती भराभर चालत होती. "पुनमले देखं ना तुम्ही? मी उनी तवय ती शाळामा जाये. माले पोऱ्या व्हयना आन् तिनी शाळा सुटनी. कोनी मारं नही तिले. नुसतं, आज राहू दे, उद्या जाजो. उद्या राहू दे, परवा जाजो."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"मी पाटनी बाई. मना शब्द चुल्हापावत, पुढे नही." मग थोडं थांबून, "मयुरी कितवीले शे?"

"सहावीला. गणितात हुशार आहे."

सुलक्षणा एकदम हसली. "गणितमा? तिना बापले दोनना पाढा येत नव्हता! कोनावर गयी ही?" हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. "तिले सांगा, माय भेटनी नही."

"मी तिला खरं सांगायचा शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिधा. मी नही," सुलक्षणा म्हणाली आणि माघारी वळली.

बसमध्ये कामिनीला एका जागी बसवेना. खिडकीशी बसली, ऊन लागतं म्हणून उठली, दुसरीकडे बसली, तिथूनही उठली. कुटुंब तयार आहे, हे खरं होतं. तसं लिहिलं तर मयुरी उद्या पुनमच्या शेजारी उभी राहणार. आई नको म्हणते, हेही खरं होतं. तसं लिहिलं तर कागदावर ती टाकून दिलेलं मूल ठरणार. प्रयोगशाळेत एका नमुन्याचे दोन निकाल आले की नमुना पुन्हा लावता येई. इथे नमुना पेटी भरून वाट पाहत बसला होता.

जळगावच्या स्थानकावर तिने सरांना फोन लावला.

"घरचे हो म्हणतात ना? मग अडचण काय?" ते म्हणाले.

"सर, तिथे पुनम आहे." तिने सगळं सांगितलं.

"ती आपल्या प्रकरणात नाही, कामिनी."

"मग ती कुणाच्या प्रकरणात आहे?"

"तिच्याबद्दल वेगळं लिही," सर म्हणाले. "समितीला मी स्वतः नेऊन देतो."

ती धुळ्याला पोचली तेव्हा मयुरी फाटकापाशीच होती. कामिनीने तिला कुंदाताईंच्या कार्यालयात नेऊन समोर बसवलं आणि काही न वगळता सांगितलं: नवी आजी ये म्हणते, आई नको म्हणते, तिथे तुझी शाळा सुटेल याची तिला भीती आहे.

मयुरीने सगळं ऐकून घेतलं. "शाळानाकरता?"

"हो."

"मंग तिले सांग, मी नापास व्हयनी."

"तू कुठे नापास झालीस?"

"व्हई जासू. सोपं शे."

होईल गं सगळं नीट, हे वाक्य कामिनीच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं. "गुरुवारी समितीपुढे तुला काय हवं ते सांगशील? तुझं ऐकल्याशिवाय त्यांना ठरवता येत नाही."

"मी नही बोलाव त्यासनापुढे. तिले बलाव. तिनी माले सांगाले पाहिजे. मना तोंडवर."

कुंदाताईंनी टेबलावरचा फोन कामिनीकडे सरकवला. "लाव. आवाज मोठा ठेव, मी ऐकतेय."

आधी झुंबरबाई फोनवर आल्या, मग सुलक्षणा. कामिनीने एवढंच सांगितलं, "मी तिला सगळं सांगितलंय. ती म्हणते, मी नापास होणार."

पलीकडून सुलक्षणाचा आवाज असा आला की व्हरांड्यातल्या मुली दाराशी गोळा झाल्या. "नापास व्हशी? नापास? टांगडी तोडी टाकसू तुनी!"

एवढ्या वर्षांनी आईचा कानावर आलेला हा पहिला शब्द. मयुरी उठून उभी राहिली, दोन्ही हात टेबलावर टेकवून फोनवर वाकली.

"मंग ये ना तोडाले," ती ओरडली. "गुरुवारले ये!"

पलीकडे बाळ रडत होतं, कुणीतरी त्याला थोपटत होतं. कुंदाताईंनी दारातल्या मुलींना हाताने हाकललं, पण त्या हलल्या नाहीत.

"ताई," सुलक्षणा म्हणाली, आता अगदी हळू, बहुधा तोंडावर हात धरून, "गुरुवारनी कितला वाजता?"

"अकराला."

"आन् पुनमले संगे आनू तर चाली का?"

"आणा," कामिनी म्हणाली. "तिला नक्की आणा."